डिस्क पुसायच्या आधी: आज एसडीबी नक्की कोण आहे ते कसं ओळखायचं

प्रॉब्लेम जुनाच आहे आणि दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच. जुनी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लिनक्सवर कमांड लाइनवरून पुसायचाय, मागच्या वेळी लिनक्सने तिला एसडीबी हे नाव दिलं होतं, म्हणून तीच कमांड परत चालवायला घेतली आणि या वेळी एसडीबीच्या जागी दुसरंच काहीतरी निघालं. वेळेवर लक्षात आलं तर ठीक. नाही आलं तर मग विचारणाऱ्याचा आवाजच वेगळा असतो, कारण पुसली गेलेली डिस्क बहुतेक वेळा तीच असते जिच्यात घरचे फोटो असतात.

एक गोष्ट पहिलेच सांगून टाकतो, कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, म्हणजे एलएसबीएलके (लावलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) ही पाच इंग्रजी अक्षरं सलग आणि छोट्या लिपीत टाइप करायची, बाकीच्याही तशाच, फक्त बीएस=१एम आणि बीएस=४एम मधला आकड्याच्या मागचा एम मोठ्या लिपीत. ऑप्शनच्या आधी डॅश आहे तिथे डॅश.

आता हे होतं का. लिनक्स एसडीए, एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने वाटतं, आणि पुढच्या वेळी तोच क्रम राहील असं कर्नल (लिनक्सचा गाभा) कधीच कबूल करत नाही. एसडीबी ही बसमधली सीट आहे, आज तिथे एक जण, उद्या दुसरा. मशीन रिस्टार्ट केलं आणि एखादी डिस्क जरा उशिरा जागी झाली की नावं सरकली. यूएसबी डिस्क नीट अनमाउंट न करता (सिस्टिमपासून आधी सोडवून न घेता) ओढून काढली तर जुनं एसडीबी आत कुठेतरी अडकून राहतं आणि तीच डिस्क परत लावल्यावर एसडीसी म्हणून येते. मल्टी कार्ड रीडर असेल तर त्याचे रिकामे खाचेसुद्धा प्रत्येकी एक नाव खाऊन बसतात, साइझ शून्य दिसते पण अक्षर गेलेलं असतं. आणि ढिली केबल किंवा कमजोर हब, हे तर सगळ्यात वाईट, कारण मध्येच कनेक्शन तुटून परत जोडलं जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही की दोन मिनिटांपूर्वी बघितलेलं नाव आता बदललंय. म्हणून सकाळी एलएसबीएलके बघितलं आणि संध्याकाळी पुसायला बसलो, असं करू नका, सकाळचं आउटपुट संध्याकाळी कामाचं नाही.

एनव्हीएमई एसएसडीची नावं वेगळी असतात, एनव्हीएमई०एन१ अशी, आणि त्यांचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, पी१, पी२. एसडी कार्ड थेट लॅपटॉपच्या खाचेत असेल तर एमएमसीबीएलके०. नवीन लॅपटॉपमध्ये सिस्टिम एनव्हीएमईवर असते त्यामुळे लोक म्हणतात की एसडी-वालं (एसडीए, एसडीबी अशा नावाचं) काहीही पुसलं तरी चालतं. चालत नाही, कारण दुसरी डेटा डिस्क आणि बॅकअपची यूएसबी डिस्क दोन्ही एसडी-वाल्याच असतात.

साइझवरून ओळखणं, ही सगळ्यात जास्त पसरलेली सवय आहे आणि मला तिच्यावर अजिबात भरोसा नाही. पहिली गडबड आकड्यांची. डब्यावर १ टीबी लिहिलेलं असतं, म्हणजे हजाराच्या पटीत, आणि एलएसबीएलके मोजतं १०२४ च्या पटीत, म्हणून १ टीबी तिथे ९३१.५जी दिसते, ५०० जीबीची ४६५.८जी, २५६ ची २३८.५जी, २ टीबीची १.८टी. हे माहीत नसलं की माणूस "माझी तर १ टीबी होती, ही ९३१ वाली कोणाची" म्हणत भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. दुसरी गडबड जास्त खोल आहे. हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनी किती जीबीला किती सेक्टर द्यायचे हे आपसात ठरवून घेतलंय, त्यामुळे १ टीबीच्या बहुतेक हार्ड डिस्का, कंपनी कोणतीही असो, बरोबर १,०००,२०४,८८६,०१६ बाइटच्या असतात. शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या. दोन डिस्का समोर असतील तर साइझ तुम्हाला काहीच सांगत नाही.

इंदूरच्या रामबागेतल्या एका घरी नेमकं असंच होतं. दोन एक्सटर्नल डिस्का, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, दोन्ही १ टीबी, एकीत आजोबांच्या वेळच्या मोडी कागदांचे स्कॅन आणि मुंजी-लग्नाचे फोटो, दुसरी भाच्याला द्यायची म्हणून साफ करायची. दोन्ही एकाच हबला लावलेल्या. काका म्हणाले, "अरे ती उजवीकडची." आता कॉम्प्युटरला उजवं-डावं कळत नाही. तिथे कामाला आला तो फक्त सिरियल नंबर. आणि त्याच्याही आधी आम्ही स्कॅनवाली डिस्क काढून कपाटात ठेवली, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ज्या डिस्कला हात लागायला नको ती मशीनला लावलेलीच नसणं याच्याइतका पक्का उपाय दुसरा नाही. डेस्कटॉप असेल तर आतल्या डेटा डिस्कची केबल मशीन बंद करून काढून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि कंटाळा येतो हे मला माहीत आहे तरी करा.

तर पद्धत. डिस्क लावायच्या आधी एक टर्मिनल उघडा आणि त्यात चालू ठेवा:

सुडो डीमेसग -डब्ल्यू

(डी, एम, ई, एस, जी, ही अक्षरं. पुढचं सुडो म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं.) हे कर्नलचे मेसेज लाइव्ह दाखवत राहतं. आता डिस्क लावा. दोन-तीन सेकंदांत नवीन ओळी येतील, त्यात कंपनीचं नाव, मॉडेल, किती ब्लॉक, आणि चौकोनी कंसात नाव, एसडीसी वगैरे. ही ओळ तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या हाताने डिस्क लावल्यामुळे आली, म्हणून मला ही खूण आवडते, ती डिस्कला हाताशी जोडते. काहीच आलं नाही तर केबल किंवा पॉवर बघा, पुढे जाऊ नका, आणि लगेच "मग हीच असेल" म्हणून यादीतली कोणतीतरी निवडू तर नकाच नका.

मग दुसऱ्या टर्मिनलवर:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,टाइप,ट्रान,मॉडेल,सिरियल,माउंटपॉइंट

नुसतं एलएसबीएलके लिहिलं तर मॉडेल आणि सिरियल दिसतच नाहीत, आणि बहुतेक लोक नुसतंच लिहितात, तिथेच मूळ गोची आहे. ट्रानच्या कॉलममध्ये साटा (मशीनच्या आतल्या केबलवरची डिस्क), यूएसबी, एनव्हीएमई यांपैकी काय आहे ते कळतं, म्हणजे बाहेरची डिस्क पुसायची असेल आणि त्या ओळीत साटा दिसत असेल तर तिथेच थांबा. सिरियल नंबर डिस्कच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळवा, शेवटची चार अक्षरं नाही, पूर्ण, कारण एकाच लॉटमधल्या डिस्कांचे नंबर बरेच सारखे असतात. मोबाइलने स्टिकरचा फोटो काढून झूम करा, शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत डोळा फसतो. दुसरं कोणी घरात असेल तर त्याला स्टिकर वाचायला सांगा आणि तुम्ही स्क्रीन वाचा, एकट्याने वाचताना डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं.

आता इथे एक मोठा खड्डा आहे आणि सल्ला देणारे तो बहुतेक वेळा सांगत नाहीत. डिस्क यूएसबी डॉकमध्ये (नुसती डिस्क खोचायच्या स्टँडमध्ये) किंवा कॉम्प्युटरच्या बाजारातून, जसं आमच्याकडे सिल्व्हर मॉल, आणलेल्या स्वस्त केसिंगमध्ये असेल तर मधली चिप स्वतःचंच नाव आणि स्वतःचाच सिरियल सांगू शकते. काही चिपांचा सिरियल तर सरळ १२३४५ सारखा भरताड असतो, दुकानातल्या सगळ्या पीसमध्ये तोच. डबल डॉकमध्ये दोन डिस्का लावल्या तर दोन्हींना एकच मॉडेल, एकच सिरियल. अशा वेळी आतल्या डिस्कला थेट विचारावं लागतं:

सुडो स्मार्टसीटीएल -आय -डी सॅट /डेव्ह/एसडीसी

हे स्मार्टमोनटूल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतं, आधी टाकून घ्या. -आय फक्त माहिती वाचतं, डिस्कवर काही लिहीत नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा. इथे येणारा सिरियल डिस्कच्या अंगावरच्या स्टिकरचा असतो, केसिंगवरच्या नाही. काही ब्रँडेड एक्सटर्नल डिस्का अजून एक घोळ घालतात, यूएसबीवर सिरियल अक्षरांऐवजी हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या कोड नंबरात, सांगतात, स्टिकरवर डब्ल्यूएक्सने सुरू होतो आणि स्क्रीनवर ५७५८ ने. ५७ म्हणजे डब्ल्यू, ५८ म्हणजे एक्स, दोन-दोन आकडे घेऊन एएससीआयआय टेबलशी लावले की तोच नंबर निघतो.

तरीही शंका असली तर लाइट बघा. डिस्कवरून नुसतं वाचायचं, लिहायचं नाही:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीसी ओएफ=/डेव्ह/नल बीएस=१एम काउंट=२०००

आणि कोणत्या डब्यावरचा लाइट जोरात लुकलुकतो ते बघायचं. डीडीत आयएफ म्हणजे कुठून वाचायचं आणि ओएफ म्हणजे कुठे लिहायचं. हे उलटे झाले तर नलमधून काहीच येत नाही म्हणून इथे वाचाल, पण नलच्या जागी झिरो असेल तर डिस्क पुसली जाईल, म्हणून एंटर मारायच्या आधी बोट ठेवून वाचा की नल हे ओएफच्या पुढेच आहे.

ओळख पटली म्हणजे अर्धं झालं. दुसरा अर्धा भाग म्हणजे ती डिस्क कोणी वापरत नाही ना. माउंटपॉइंटचा कॉलम रिकामा आहे म्हणजे डिस्क मोकळी, असं नसतं. ती रेडमध्ये (अनेक डिस्का मिळून एक) असू शकते, एलव्हीएमचा (डिस्कांची जागा एकत्र करून वाटणारी सोय) तुकडा असू शकते, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) असू शकते, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या पूलमध्ये असू शकते. म्हणून फाइंडएमएनटी / करून रूट, म्हणजे चालू सिस्टिम, कुठे आहे ते बघा, उत्तरात मॅपर आलं तर एलएसबीएलके -एस आणि पुढे ते नाव द्या, मग ते खालची खरी डिस्क दाखवतं. स्वॅपऑन --शो, कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट, सुडो पीव्हीएस, झेडएफएस वापरत असाल तर झेडपूल स्टेटस, हे सगळं मिळून एक मिनिट जातं. आणि ज्या डिस्कवर बॅकअप रात्री आपोआप चढतो ती दिवसा अनमाउंट दिसणारच, तेव्हा तिला बेवारस समजू नका.

आता पुसायची कमांड. इथे माझं ठाम मत आहे की एसडीसी हे नाव पुसायच्या कमांडमध्ये लिहूच नये. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/ या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कची मॉडेल आणि सिरियलवाली लिंक असते, एटीए- ने सुरू होणारी, यूएसबी- ने, एनव्हीएमई- ने. एलएस -एल करून बघा, बाणाच्या पुढे सध्याचं नाव दिसतं. ही लिंक वापरली की मधेच नाव सरकलं तरी कमांड दुसऱ्या डिस्कवर जात नाही, डिस्क निघालेली असेल तर लिंकच गायब होते. टॅब दाबून नाव पूर्ण करताना शेवटी -पार्ट१ आलंय का ते बघा, ते पार्टिशन आहे, पूर्ण डिस्क नाही. आणि वर सांगितलेला डॉकचा खड्डा इथेही लागू आहे, डॉक स्वतःचा सिरियल सांगत असेल तर ती लिंक डॉकची होते, आत कोणतीही डिस्क ठेवा लिंक तीच, म्हणून डॉकमध्ये डिस्क बदलली की स्मार्टसीटीएल परत चालवायचंच.

पहिले नुसतं वाइपएफएस आणि पुढे लिंक, बिना ऑप्शनचं. असं केल्यावर ते काही पुसत नाही, डिस्कवर कोणत्या खुणा आहेत तेवढं दाखवतं. तुम्हाला वाटत होतं की एनटीएफएसची जुनी डिस्क आहे आणि इथे लिनक्स रेड किंवा एलयूकेएस (लिनक्सचं एन्क्रिप्शन) दिसलं, तर ती तुमची डिस्क नाही किंवा तुम्ही तिच्याबद्दल काहीतरी विसरलायत. सगळं जुळलं की पार्टिशन टेबलची (कोणता भाग कुठून कुठपर्यंत, त्या यादीची) कॉपी काढा, सुडो एसएफडिस्क -डी लिंक, आणि आउटपुट एका फाइलमध्ये, अर्थात दुसऱ्या डिस्कवरच्या. काही केबीची फाइल असते, चुकलं तर हीच जीव वाचवते. मग वाइपएफएस -ए, हे मात्र खुणा खरंच पुसतं. ते "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" म्हणालं तर कृपा करून -एफ (जबरदस्ती) लावू नका. ते तुम्हाला सांगतंय की ही डिस्क कोणीतरी वापरतंय, तेव्हा कोण वापरतंय ते शोधा. डीडी असं काही विचारत नाही, साधारणपणे माउंट असलेल्या डिस्कवरही मुकाट्याने लिहीत सुटतं, म्हणून मी आधी वाइपएफएस आणि मगच डीडी असा क्रम ठेवतो, पहिला अडवतो तरी.

वाइपएफएसने फक्त खुणा जातात, डेटा तिथेच असतो. डिस्क बाहेर द्यायची, विकायची असेल तर पूर्ण डिस्कवर शून्य लिहावं लागतं:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=ती लिंक बीएस=४एम कॉन्व्ह=नोक्रिएट,एफसिंक स्टेटस=प्रोग्रेस

नोक्रिएट लिहिताना शेवटचा ई नसतो. हे का, तर डिस्क नसेल किंवा नाव चुकलं तर डीडी त्याच नावाची साधी फाइल बनवतं, आणि /डेव्ह हे रॅममध्ये असतं, त्यामुळे तिथली जागा भरली की "नो स्पेस लेफ्ट" येतं आणि मशीन गुदमरूही शकतं. लोकांना वाटतं डिस्क भरली म्हणजे पुसली गेली. नोक्रिएटने ते तिथेच थांबतं. हार्ड डिस्कला हे चांगलं आहे, एसएसडीला नाही, एसएसडी आत काही ब्लॉक राखीव ठेवते आणि वरून लिहिलेलं तिथे पोचत नाही, तिच्यासाठी एनव्हीएमई फॉरमॅट किंवा साटाचं सिक्युअर इरेज वापरा. तिथे तर ओळख अजून पक्की लागते कारण काम काही सेकंदांत संपतं, कंट्रोल-सी दाबायलाही वेळ मिळत नाही.

वरच्या बाणाची सवय मोडा. मागच्या महिन्याची डीडी कमांड हिस्टरीत पडून असते, वरचा बाण दोनदा, एंटर, आणि गेलं. सुडोचा पासवर्ड आडवा येईल असंही धरू नका, एकदा दिला की काही मिनिटं तो परत विचारत नाही. उबुंटूत कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती हिस्टरीत जात नाही, पुसणाऱ्या कमांड तशाच लिहा. आणि इंटरनेटवरून कॉपी करताना एसडीएक्सच्या जागी आपलं नाव टर्मिनलमध्ये पेस्ट केल्यावर भरू नका, आधीच नोटपॅडमध्ये भरा, पेस्टमध्ये शेवटी एंटर आला तर टर्मिनल वाट बघेलच असं नाही.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क नंबर, साइझ वगैरे दाखवतं, मॉडेल किंवा सिरियल नाही, आणि ते नंबरही बदलतात. सिलेक्ट डिस्क केल्यावर डिटेल डिस्क चालवा, मॉडेल आणि आतले व्हॉल्यूम दिसतात, मग लिस्ट डिस्क परत करून तारा कोणत्या ओळीवर आहे ते बघा. क्लीन कमांड "खरंच का" असं विचारत नाही. पॉवरशेलमध्ये गेट-डिस्क केलं तर सिरियल नंबर मिळतो आणि क्लिअर-डिस्क निदान एकदा विचारतं, म्हणून मी तेच सुचवतो. मॅकवर डिस्कयुटिल लिस्ट, त्यात "एक्सटर्नल, फिजिकल" लिहिलेली ओळ शोधा, "सिंथेसाइज्ड" वाली एपीएफएसची (मॅकच्या फाइल सिस्टिमची) सावली असते, तिचा नंबर खऱ्या डिस्कचा नसतो.

आणि चुकीची डिस्क गेलीच तर. कंट्रोल-सी. मशीन बंद करू नका, रिस्टार्ट करू नका, यूएसबी ओढू नका. पार्टिशन टेबल डिस्कवरून गेलं तरी कर्नलच्या मेमरीत अजून असू शकतं, /सिस/ब्लॉक/एसडीसी/एसडीसी१/ मध्ये स्टार्ट आणि साइझ नावाच्या फाइली अजून असतील तर त्यांतले आकडे ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतात, सगळ्या पार्टिशनचे कागदावर उतरवून घ्या, एवढ्यावरून टेबल परत बांधता येतं. जीपीटी (नवीन प्रकारचं पार्टिशन टेबल) असेल तर तिची दुसरी कॉपी डिस्कच्या शेवटी असते, डीडी सुरुवातीलाच थांबवलं असेल तर ती शाबूत असते. पार्टिशनवर फॉरमॅट मारू नका, विंडोज "फॉरमॅट करू का" विचारेल, नाही म्हणा. आकडे लिहून झाले की डिस्क माउंट न करता डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण इमेज काढा आणि टेस्टडिस्क वगैरे जे काही करायचं ते इमेजवर. त्यासाठी दुसरी डिस्क लागेल, आणि ती विकत आणायची तर एक साइझ मोठीच आणा, १ टीबीची इमेज फाइल म्हणून १ टीबीच्या डिस्कवर मावत नाही, फाइल सिस्टिमलाही जागा लागते.